मूल अडीच-तीन वर्षांचं झालं, बालवाडीत घालायचं का? गोव्यातल्या नवीन आईबाबांसाठी एकेक पायरी

जानेवारी आला की गोव्यात लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात एकच विषय चालू होतो, फॉर्म आणला का. शेजारीण विचारते, ऑफिसातली विचारते, देवळात भेटलेली लांबची मावशी पण विचारते, आणि मूल अजून धड अडीच वर्षांचंही झालेलं नसतं. मग आईबाबा घाबरून पळापळ करतात, जिथे जागा मिळेल तिथे पैसे भरतात आणि जूनमध्ये मूल गेटला धरून रडायला लागलं की विचार करतात, आपण हे कशासाठी करतोय. मी फोंड्याला राहते, माझी दोन्ही मुलं या वयातून गेलीयत, शिवाय बहिणीबरोबर, मैत्रिणींबरोबर, बिल्डिंगमधल्या आयांबरोबर बऱ्याच शाळा बघायला गेलेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शाळा कुठली हे सगळ्यात शेवटी ठरवायचं, आधी आपल्या घराची गरज काय आणि आपलं मूल कसं आहे ते बघायचं. हा क्रम उलटा झाला की सगळंच अवघड होऊन बसतं.

पायरी १: सांभाळायला माणूस हवंय की मुलाला शाळा हवीय?

या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि लोक त्या सरळ एक करून टाकतात. समजा आई पणजीला सरकारी ऑफिसात आणि बाबा वेर्णा किंवा कुंडईच्या कंपनीत शिफ्टला, तर त्या घराला सकाळी ८ पासून संध्याकाळी ६ पर्यंत मुलाकडे बघणारं कोणीतरी हवंय. बालवाडी असते तीन तासांची, साडेतीन तासांची. म्हणजे १२ वाजता मूल परत दारात, आणि चवथीला, दिवाळीला, नाताळला सुट्ट्या, मे महिन्यात तर पूर्णच बंद. नुसत्या सांभाळण्यासाठी बालवाडी घेतली तर प्रश्न सुटत नाही, उलट मूल एका दिवसात चार हातांतून फिरतं, सकाळी आजी, मग रिक्षावाले काका, मग टीचर, मग दुपारी शेजारची काकी. लहान मुलाला हे फार दमवणारं असतं.

अशा घराने आधी चांगलं पाळणाघर किंवा घरी येणारी विश्वासाची बाई शोधावी, शाळेचं नंतर बघता येतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करायला पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला बघता येतं. तुमच्या कंपनीत एचआरला विचारा, दोघी-तिघी मिळून विचारा, एकटीने विचारलं की विषय टाळला जातो.

घरात आजी-आजोबा आहेत, धडधाकट आहेत, मुलाबरोबर बोलतात, अंगणात फिरवतात, तर अडीच वर्षांच्या मुलाला बाहेर पाठवायची काहीच घाई नाही. तिथे प्रश्न फक्त शिकण्याचा आणि सोबतीचा उरतो, आणि तो आरामात सोडवता येतो.

पायरी २: वय पहिलीपासून उलटं मोजा

कॅलेंडर घेऊन बसा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वय हा पायाभूत टप्पा धरलाय, त्यात ३ वर्षं बालवाडी आणि मग पहिली-दुसरी, आणि पहिलीला मूल ६ वर्षांचं पूर्ण पाहिजे. गोव्यात हे धोरण २०२३-२४ पासून बालवाडीच्या टप्प्यापासूनच लागू करायला सुरुवात झाली. नर्सरी, एलकेजी, युकेजी या वर्गांना आता शाळांनी वेगवेगळी नावं दिलीयत, नावात अडकू नका, वय बघा.

आता समजा मूल ऑगस्ट २०२३ चं आहे. जून २०२६ मध्ये ते २ वर्षं १० महिन्यांचं, म्हणजे ३ पूर्ण नाही. जून २०२७ ला नर्सरी, आणि पहिली जून २०३०, तेव्हा ते ६ वर्षं १० महिन्यांचं. या मुलाला २०२६ मध्ये कुठेतरी घुसवलं तर ते पहिलीला एक वर्षही लवकर पोचत नाही, फक्त नर्सरीच्या आधी आणखी एक वर्ष फी भरली जाते. डिसेंबर २०२२ चं मूल असेल तर ते जून २०२६ ला साडेतीन वर्षांचं, त्याची नर्सरीची वेळ अगदी बरोबर. कट-ऑफ तारीख, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतचं वय धरतात ते, शाळेत जाऊन विचारा आणि लेखी कागद बघा, 'घेऊ हो ॲडजस्ट करून' या तोंडी शब्दावर जाऊ नका, पुढे पहिलीला अडकतं ते मूल आणि वर्गसोबती पुढे गेलेले बघून त्याला वाईट वाटतं.

आणि हो, सहा वर्षांच्या आधी शाळा सक्तीची नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. त्यामुळे 'आता नाही घातलं तर मागे पडेल' असं कोणी दरडावून सांगितलं तर शांतपणे ऐका आणि घरी या.

पायरी ३: मुलाकडे बघा, आठवडाभर नीट बघा

कागदावरचं वय तीन झालं म्हणून मूल तयार झालं असं नसतं. मी मैत्रिणींना हे बघायला सांगते: शू लागली की सांगतं का, शब्दाने नाही तर निदान खुणेने? हवंय-नकोय घराबाहेरच्या माणसाला कळेल इतपत बोलतं का? आजीकडे, मावशीकडे दोन तास तुमच्याशिवाय राहतं का? दुसरी मुलं खेळत असली की जवळ जाऊन उभं राहतं का? दोन वर्षांची मुलं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलंच खेळतात, ते बरोबरच आहे, मिळून खेळणं साधारण तीनच्या पुढे सुरू होतं. म्हणून 'एकटं खेळतं हो, त्याला मुलांची सवय लागावी म्हणून लवकर घालतोय' हे दोन वर्षांच्या मुलाबद्दल ऐकलं की मी थांबवते, त्या वयाला तेच खेळणं आहे.

बोलण्याबद्दल मात्र जरा कडक बोलते. दोन वर्षं पूर्ण झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली की वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, अशा मुलाला 'शाळेत गेला की बोलेल' म्हणून पाठवू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) कान-नाक-घसा विभाग आहेच. कमी ऐकू येणारं मूल गजबजलेल्या वर्गात आणखीच गप्प होतं आणि सगळे त्याला हट्टी म्हणतात. इथे घालवलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून घरातले मोठे 'याचा बाबा पण उशिरा बोलला होता' म्हणाले तरी तपासणी करूनच घ्या.

तब्येतीचंही बघा. पहिल्या वर्षी शाळेत जाणाऱ्या मुलांना सर्दी-ताप वरचेवर होतो, त्यातून आपल्याकडे शाळा सुरू होते ती भर पावसात. हात-पाय-तोंडावर फोड येणारा आजार या वयात पटकन पसरतो आणि त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबणाने हात धुवायचीच सवय लागते. वेळेआधी जन्मलेलं, दम्याचा त्रास असलेलं, सारखं न्यूमोनियाने ॲडमिट होणारं मूल असेल तर डॉक्टरांना विचारून जूनऐवजी पावसाळा संपल्यावर पाठवायची तयारी ठेवा, बऱ्याच लहान शाळा ऐकतात.

पायरी ४: घरी त्याला काय मिळतंय?

मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते हे त्याच शैक्षणिक धोरणात लिहिलंय, आणि प्ले स्कूलवाले हे वाक्य मोठ्या अक्षरात छापतात. ते खरं आहे. पण त्याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला एबीसीडी लिहायला लावा असा होत नाही, त्याचा अर्थ त्याच्याशी बोला, खेळा, नीट खायला-झोपायला द्या. हे घरात होत असेल तर मूल शिकतंच आहे. उकड्या तांदळातले खडे बाजूला काढणं, कांदे एका टोपलीत बटाटे दुसऱ्या टोपलीत, मासळीबाजारात सुंगटं-तारले ओळखणं, रात्री गोष्ट, संध्याकाळी आजीबरोबर शुभंकरोति, वाड्यावरच्या मुलांबरोबर तासभर धावणं. पणजीच्या आसपास राहत असाल तर पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे, तिथे नेऊन बसवा.

पण घर खरंखुरं बघा. फ्लॅटमध्ये आई एकटी, बाबा जहाजावर किंवा गल्फला, खाली खेळायला कोणी नाही, आजीचे गुडघे दुखतात म्हणून मूल चार-चार तास मोबाइलवर कार्टून बघतंय, तर त्या मुलाला चांगली बालवाडी म्हणजे मोठी सुटका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वयाला दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, आणि हालचाल मात्र १८० मिनिटं तरी पाहिजे. तीन तास हालचाल! दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात हे जमवणं किती कठीण आहे ते आईलाच माहीत. अशा घराने अपराधी न वाटून घेता तीन वर्षं पूर्ण झाली की पाठवावं.

पायरी ५: यादीत अंगणवाडी लिहा

मध्यमवर्गीय घरं अंगणवाडीकडे वळूनसुद्धा बघत नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून हा विचार उभा राहिला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली, आज वाड्यावाड्यावर जी अंगणवाडी आहे ती त्या योजनेतली. ३ ते ६ वयाच्या मुलांना शिकवणं, खाऊ, वजन-उंची, लसीकरणाची आठवण, सगळं फुकट आणि चालत जाण्याच्या अंतरावर.

सगळ्याच चांगल्या आहेत असं म्हणत नाही. कधी पंचायतीची एक खोली, कधी भाड्याचं घर, सेविकेच्या मागे सर्व्हे आणि रजिस्टरं लागलेली. पण जी सेविका मनापासून करते तिच्या हाताखाली मुलं अशी खुलतात की बघत राहावं. तुमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसा, मग ठरवा. न बघता नाही म्हणू नका.

पायरी ६: बघायला जा, आणि मुलं असताना जा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे वेळ द्या. ॲडमिशनच्या दिवशी रिकामी, फुगे लावलेली शाळा बघून काही कळत नाही. साधा शाळेचा दिवस, सकाळी १० च्या सुमाराला, आधी विचारून जा. अजिबात आत सोडत नाहीत, लांबूनही बघू देत नाहीत, तर मी तिथूनच परत येते.

मी एका मैत्रिणीबरोबर दोन ठिकाणी गेले होते. पहिल्या ठिकाणी एसी, भिंतीवर कार्टून, सगळं चकाचक, आणि वीसेक तीन वर्षांची मुलं बाकावर बसून वहीत ओळीने उभ्या रेघा काढत होती, एक मुलगा रडत होता तर टीचर लांबूनच म्हणाली, गुड बॉय रडत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे जुन्या घराचा ओसरा आणि दोन खोल्या, कोब्याची जमीन. तिथेही एक मुलगी खिडकीशी उभी राहून आईच्या नावाने रडत होती. टीचर तिच्या बाजूला जमिनीवर बसली, म्हणाली, आईची आठवण येते ना, येणार हां आई, खाऊ खाऊन झाला की येणार. मग एक पसरट टोप पुढे ओढला, त्यात सुकी चवळी आणि दोन वाट्या, आणि स्वतःच वाटीने चवळी ओतत राहिली, मुलीकडे न बघता. थोड्या वेळाने त्या मुलीचा हात टोपात गेला. रडू थांबलं नव्हतं, हुंदके चालूच होते, पण हात चवळीत होता. मैत्रिणीने तिथेच नाव घातलं.

तर बघायचं ते हे. टीचर मुलांच्या उंचीला येऊन बोलते की वरून ओरडते. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत, आणि मदतनीस बाई कशी आहे, कारण मुलाला दिवसभर हात लावणारी तीच असते. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात पेन्सिल कोंबलीय का. २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ६ वयाला ठरावीक पाठ्यपुस्तकं नकोत असं स्पष्ट आहे, त्यामुळे जी शाळा नर्सरीला पुस्तकांची मोठी यादी देते तिला कारण विचारा.

मग संडास बघा, लाज न बाळगता बघा. ओली, घसरडी टाइल आहे का, आतली कडी मुलाच्या हाताला लागते का, पाणी आहे का. आणि हा प्रश्न नक्की विचारा, शी झाली तर कोण धुतं? उत्तर देताना चाचरले तर समजून जा. आपल्याकडे कंपाउंडमध्ये विहीर असते, तिला जाळी आहे का. पावसाचं पाणी कुंड्यांत, टायरांत साचलंय का, डेंग्यूचे दिवस असतात. गेट कोण उघडतं, मुलाला न्यायला ओळखीशिवाय कोणी आलं तर काय करतात, कामावरच्या माणसांची पोलीस पडताळणी केलीय का, शिक्षण खात्याकडे नोंदणी आहे का. मारणं, कोंडून ठेवणं, 'जरा धपाटा द्यावाच लागतो' असं कोणी सहज बोलून गेलं तर तिथे मुलाला ठेवायचं नाही, गोव्यात २००३ च्या बाल कायद्याने शाळेत मारायला बंदीच आहे.

पायरी ७: भाषा

आपल्याकडे घरात कोंकणी, पेपर आणि भजन मराठी, आणि शाळा इंग्रजी, हे इतकं सवयीचं झालंय की तीन वर्षांच्या मुलाला त्याचा किती ताण येतो ते लक्षातच येत नाही. 'माका उदक जाय' (मला पाणी हवंय) म्हणणाऱ्या मुलाला समोरच्या टीचरला ते कळतंय ही खात्री पाहिजे. सावंतवाडी, बेळगावकडून नोकरीला आलेल्या घरातलं मूल मराठीत बोललं तर त्यालाही मराठीत उत्तर मिळायला हवं. इंग्रजी गाणी म्हणू देत, काही बिघडत नाही, पण शू, भूक, दुखणं आणि भीती हे ज्या भाषेत मूल सांगतं ती भाषा वर्गात चालली पाहिजे. 'घरी पण इंग्रजीतच बोला' असं सांगणारी शाळा मला पटत नाही. पायाभूत टप्प्याला घरची भाषा वापरा हे तर धोरणातच आहे.

पुढे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत घालायचं नक्की असेल तर महागड्या इंग्रजी केजीची गरजच नाही. आणि एखाद्या अनुदानित शाळेतच पहिलीला जायचंय आणि तिचं स्वतःचं केजी आहे, तर बाहेरच्या मुलांना जागा कमी मिळतात हे खरं आहे, जानेवारीतली सगळी पळापळ त्याचसाठी असते. त्या शाळेत थेट जाऊन विचारा, पहिलीला बाहेरून किती मुलं घेता. ऐकीव माहितीवर तीन वर्षांची फी ठरवू नका. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबाबांची परीक्षा घेणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही, तेही लक्षात असू द्या.

पायरी ८: पैसे

वर्षाचा एकूण आकडा लेखी घ्या, फी, डिपॉझिट, युनिफॉर्म, गाडी, गॅदरिंगचे कपडे, पिकनिक सगळं धरून. मूल बसलं नाही आणि दोन महिन्यांत काढलं तर किती परत मिळणार ते विचारा. हप्ते मिळत असतील तर हप्तेच घ्या, पूर्ण वर्षाचे एकदम भरले की मग 'पैसे भरलेत ना' म्हणून रडणाऱ्या मुलाला ढकललं जातं.

पायरी ९: पाठवलं, आता पहिले महिने

मे महिन्यातच झोपेची वेळ लावा, या वयाला १० ते १३ तास झोप लागते, रात्री ११ ला झोपणारं मूल सकाळी रडणारच. शाळेच्या रस्त्याने फिरवून आणा, गेट दाखवा. पहिल्या आठवड्यात तास-दीड तासच ठेवा, जमलं तर आईने आत किंवा ओसरीवर बसावं. सोडताना सांगून निघा. मूल खेळात गुंतलंय म्हणून मागच्या दाराने पळून जाऊ नका, मग ते दुसऱ्या दिवशी तुमचा हातच सोडत नाही. छोटा निरोप, एक पापा, खाऊ झाला की येते, आणि खाऊ झाला की खरंच हजर राहा.

डब्यात ओळखीचं द्या, पोळी-भाजी, शिरा, केळं, नाचणीचं काहीतरी. नवीन जागा, नवीन माणसं, त्यात नवीन खाणं नको.

दोन-चार आठवडे रडणं, रात्री परत चड्डीत शू होणं, चिकटून बसणं हे होतं आणि जातं. सोमवारी जास्त होतं. चवथीच्या सुट्टीनंतर तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू झाल्यासारखं वाटतं, आठ-दहा दिवस माटोळी, आरत्या, घरभर पाहुणे आणि मग एकदम सकाळी युनिफॉर्म, कुठल्याही मुलाला जड जाणारच. तेव्हा घाबरून काढू नका, परत थोडे दिवस अर्धा वेळ ठेवा.

पण महिना-दीड महिना उलटला तरी मूल खात नाही, झोपेत दचकतं, आधी बोलायचं ते गप्प झालं, किंवा केव्हाही, अगदी पहिल्या आठवड्यातही, एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की अंग चोरतं, अंगावर वळ किंवा खूण दिसते, तर त्याच दिवसापासून शाळा बंद, मुलाचं ऐका, शांतपणे ऐका, डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर १०९८ ला फोन लावा. शाळेची, टीचरची, ओळखीच्या माणसाची भीड इथे धरायची नाही.

तसं काही नाही पण मूल नुसतंच रमत नाहीये, रोज सकाळी घरात रडारड, तर काढून घ्या आणि सहा महिन्यांनी, नाहीतर पुढच्या जूनला परत बघा. सासूबाई बोलतील, शेजारी विचारतील, त्यांना सांगा डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय किंवा सरळ सांगा की आम्ही ठरवलंय. काढताना शाळेकडून भरलेल्या फीची पावती आणि जन्मदाखल्याची प्रत परत मागून घ्या, पुढच्या ॲडमिशनला लागते.